टीव्हीवर संगीत नाटक दाखवलं की लोक नाट्यगृहात यायचं बंद होतात का?

तुम्ही विचारलंय की म्युझिकल, म्हणजे संगीत नाटक, घरबसल्या टीव्हीवर बघायला मिळालं तर तिकीट काढून कोण जाणार. मला तसं नाही वाटत. टीव्हीमुळं ओढ वाढतेच, पण ती लागल्यावर जवळपास प्रयोग पाहिजे ना, तोच नसतो.

अमेरिकेत १९५७ ला 'सिंड्रेला' हे खास टीव्हीसाठी लिहिलेलं म्युझिकल लाइव्ह दाखवलं, दहा कोटींच्या वर लोकांनी बघितलं म्हणतात, आणि त्यातली नटी ज्युली अँड्र्यूज त्याच काळात ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या नाट्यगृहांच्या भागात, 'माय फेअर लेडी' करत होती, ते नाटक पुढं १९६२ पर्यंत चाललं. 'हॅमिल्टन' हे ब्रॉडवेचं म्युझिकल पण २०२० ला कोविडमध्ये थिएटरं बंद असताना डिस्ने प्लसवर आलं आणि २०२१ ला ब्रॉडवेवर परत सुरू झालं. आता ही आधीपासूनच गाजलेली नाटकं, त्यामुळं गर्दी टीव्हीनं आणली असं मी म्हणणार नाही, पण टीव्हीनं मारली नाही एवढं नक्की.

आपल्याकडं 'कट्यार काळजात घुसली' बघा. नाटक १९६७ चं, सिनेमा २०१५ चा, मग तो टीव्हीवर आला. माझ्या ओळखीतली कॉलेजची पोरं, ज्यांनी आयुष्यात नाट्यपद ऐकलं नव्हतं, ती 'घेई छंद' गुणगुणायला लागली आणि मूळ नाटक कुठं बघायला मिळेल विचारायला लागली. लई भारी वाटलं मला. कारण प्रत्यक्षात जे घडतं ते टीव्ही देऊच शकत नाही, ऑर्गनचा सूर मिळाला की थिएटर शांत होतं, एखादी तान जमली की मागनं वन्स मोअर येतो आणि गाणारा त्याच पदात काहीतरी वेगळंच करून दाखवतो, ते त्या रात्रीपुरतंच असतं. टीव्हीवर सगळं वेळेत कापलेलं, आणि वन्स मोअर द्यायचा कुणाला?

पण त्या पोरांना मी पाठवू कुठं? शाहू महाराजांनी १९१५ ला आमच्या कोल्हापुरात खासबागेत पॅलेस थिएटर उभं केलं, पुढं त्याला गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं, ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. अजून लिहिताना त्रास होतो. आणि थिएटर असलं तरी संगीत नाटक इथं आणणं सोपं नाही, गाणारे नट पाहिजेत, ऑर्गन-तबल्याचे साथीदार, सगळ्यांचा प्रवास, मुक्काम, एवढ्या खर्चात संस्था पुणे-मुंबईच्या बाहेर पडायला कचरतात.

म्हणून माझं चॅनेलवाल्यांना सांगणं आहे, संगीत नाटक जरूर दाखवा, भरपूर दाखवा, फक्त खाली एक पट्टी फिरवा की पुढचा प्रयोग कुठल्या गावात, कुठल्या तारखेला आणि तिकीट कुठं मिळेल.