हळदीची कॅप्सूल आणि आईची कोलेस्टेरॉलची गोळी

प्रश्न : ताई, आईला बरीच वर्षं शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि रात्री ॲटोरव्हास्टॅटिन १० चालू असते. मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलंय की हळदीतलं कर्क्युमिन शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्यांवर या गोळीइतकंच काम करतं, हैदराबादच्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय म्हणे. आता आई म्हणते गोळी बंद, हळदीच्या कॅप्सूल घेते. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मामांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, म्हणून नीट सांगते. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधला असा अभ्यास २००८ मध्ये खरंच छापून आलाय. टाइप २ चे ७२ पेशंट घेतले, काहींना कर्क्युमिनच्या कॅप्सूल, काहींना ॲटोरव्हास्टॅटिन १०, काहींना औषध नसलेली नुसतीच गोळी, आणि ८ आठवड्यांनी बोटाला सेन्सर लावून नाडीच्या लाटेवरून रक्तवाहिन्या किती सैलावतात ते बघितलं. कॅप्सूलवाल्यांचं रीडिंग चांगलं सुधारलं, जवळपास गोळीवाल्यांइतकं.

कारणही पटण्यासारखं आहे. रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो, एंडोथेलियम, तो नायट्रिक ऑक्साइड सोडतो आणि त्याने वाहिनी सैल पडते. शुगर सतत चढी राहिली की फ्री रॅडिकल्स वाढतात, ते हा वायू काम करायच्या आधीच संपवतात, मग वाहिनी ताठ राहते, आतून सूज धरते. कर्क्युमिन हे रॅडिकल्स आणि सूज दोन्ही कमी करतं असं दिसतं.

पण त्या अभ्यासात हार्ट अटॅक मोजलेच नव्हते हो! ७२ माणसांत, ८ आठवड्यांत ते कळणारही नाही. आईच्या गोळीचं तसं नाही. ब्रिटन-आयर्लंडमध्ये २,८३८ डायबेटिसवाल्यांवर याच १० मिलीग्रॅमची ट्रायल झाली, २००४ मध्ये निकाल आला, अटॅक-स्ट्रोकसारखे मोठे प्रकार ३७ टक्क्यांनी कमी, आणि फायदा इतका स्पष्ट होता की ट्रायल ठरल्याच्या दोन वर्षं आधीच थांबवली. म्हणून गोळी बंद करू नका, कृपा करून.

आमटी-भाजीतली हळद खुशाल चालू द्या, त्यात कर्क्युमिन साधारण ३ टक्केच असतं आणि अंगी लागतं त्याहून कमी. म्हणूनच बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपरीन घालतात, त्याने ते कितीतरी पट जास्त शोषलं जातं, पण अशा स्ट्राँग कॅप्सूलनी लिव्हरला सूज आल्याच्या केसेस इटली-अमेरिकेत नोंदल्या गेल्यात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबी उघडूच नका.

आणि आईला एकदा शांतपणे विचारा, गोळी नेमकी का नको वाटते? पाय, पोटऱ्या दुखतात का? स्टॅटिनने काहींना तसं होतं आणि बायका सांगत नाहीत, परस्पर बंद करतात. तसं असेल तर डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिनही मिळतं, पुढच्या व्हिजिटला तुम्ही सोबत जा आणि हे तुम्हीच बोला.