ग्राहकांचे प्रश्न : केबलचे बिल, बॉक्स आणि तक्रार

या महिन्यात कोल्हापूर शहर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे केबल टीव्हीविषयी आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र करून त्यांतील प्रातिनिधिक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे केबलचे मासिक पैसे वाढले आहेत. केबलवाल्यांना विचारले तर "वरून वाढले, वहिनी" एवढेच उत्तर मिळते. 130 रुपयांची मर्यादा असते असे पूर्वी वाचले होते. ती मर्यादा आता कुठे गेली?
— एक गृहिणी, शिवाजी पेठ

उत्तर : आपण वाचलेली मर्यादा खरी होती, परंतु ती आता राहिलेली नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 3 मार्च 2017 रोजी केबल आणि डीटीएच यांच्यासाठी नवी दरव्यवस्था जाहीर केली. ती न्यायालयात गेली, सर्वोच्च न्यायालयाने 30 ऑक्टोबर 2018 रोजी ती कायम ठेवली आणि 2019 च्या फेब्रुवारीपासून ती घरोघरी लागू झाली. त्या व्यवस्थेत पहिल्या 100 वाहिन्यांसाठी नेटवर्क क्षमता शुल्क, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याचे शुल्क, जास्तीत जास्त 130 रुपये, अधिक कर, असे ठरले होते. 1 जानेवारी 2020 च्या दुरुस्तीने त्याच 130 रुपयांत 200 वाहिन्या देणे बंधनकारक झाले. मात्र 8 जुलै 2024 रोजी ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून टाकली, आणि आता हे शुल्क किती घ्यायचे ते केबल कंपनी स्वतः ठरवते. तिच्यावर बंधन आहे ते आपले दर ग्राहकांना कळतील अशा रीतीने जाहीर करण्याचे.

आपले बिल तीन गोष्टींचे बनते : नेटवर्क क्षमता शुल्क, आपण घेतलेल्या सशुल्क वाहिन्यांची किंवा पॅकची किंमत आणि या दोहोंवर 18 टक्के जीएसटी. पूर्वीचे 130 रुपये कर धरून 153 रुपये 40 पैसे होत असत. "वरून वाढले" या उत्तराचे त्यामुळे तीन निरनिराळे अर्थ संभवतात. कंपनीने आपले शुल्क वाढवले असेल, प्रसारकाने, म्हणजे वाहिनी चालवणाऱ्या कंपनीने, वाहिनीची किंमत वाढवली असेल, किंवा आपण न मागितलेला मोठा पॅक आपल्या बॉक्सवर चढवला गेला असेल. पहिल्या दोन वाढी कंपनीच्या संकेतस्थळावरील दरपत्रकाशी पडताळून पाहता येतात. तिसरी वाढ आपल्या संमतीशिवाय होऊच शकत नाही, आणि झाली असेल तर ती रद्द करून घेण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे. म्हणून केबलवाल्यांकडे "किती वाढले" असे न विचारता "बिलाची फोड द्या" असे मागावे, आणि पैसे देताना प्रत्येक वेळी पावती घ्यावी. गल्लीतला माणूस ओळखीचा असतो, त्यामुळे पावती मागायला संकोच वाटतो, हे मला पत्रापत्रांतून दिसते. तरीही ती मागावीच, कारण पुढे तक्रार करायची वेळ आली तर तिच्याशिवाय हाती काहीच नसते.

येथे केबलचालकांची बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या दारात येणारा स्थानिक चालक आणि त्याला सिग्नल पुरवणारी मोठी कंपनी, म्हणजे एमएसओ, हे दोघे वेगळे आहेत. त्यांच्यात वेगळा करार नसेल, तर नेटवर्क क्षमता शुल्कातील 55 टक्के वाटा कंपनीचा आणि 45 टक्के स्थानिक चालकाचा, अशी ट्रायच्या नमुना करारातील विभागणी आहे. दर ठरवण्याचा अधिकार स्थानिक चालकाला नाही, पण लोकांचा राग मात्र त्याच्या दारात येतो. ट्रायने मर्यादा उठवताना स्पर्धेमुळे दर आपोआप आटोक्यात राहतील असे गृहीत धरले आहे. ज्या गल्लीत एकच केबल पोहोचते, तेथे हे गृहीतक कितपत टिकेल याविषयी मला गंभीर शंका वाटते.

प्रश्न : मला मराठी मालिका, बातम्या आणि क्रिकेट एवढेच पाहायचे असते. केबलवाला म्हणतो, पॅकच घ्यावा लागेल, सुट्ट्या वाहिन्या मिळत नाहीत. हे खरे आहे का?
— सेवानिवृत्त शिक्षक, राजारामपुरी

उत्तर : नाही. प्रत्येक सशुल्क वाहिनी सुटी उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे, आणि तिची कमाल किरकोळ किंमत प्रसारकाने जाहीर केलेली असते. त्या किमतीपेक्षा जास्त रक्कम कोणीही घेऊ शकत नाही. त्यावर जीएसटी मात्र लागतो, त्यामुळे 19 रुपयांची वाहिनी आपणास 22 रुपये 42 पैशांना पडते.

पॅक घ्यायचा की सुट्ट्या वाहिन्या, हा मात्र हिशेबाचा प्रश्न आहे. प्रसारकाला पॅकवर सुट्ट्या किमतींच्या बेरजेवर जास्तीत जास्त 45 टक्के सूट देता येते. म्हणजे सुट्ट्या किमतींची बेरीज 100 रुपये असेल, तर त्या वाहिन्यांचा पॅक 55 रुपयांपेक्षा स्वस्त असू शकत नाही. आपणास त्या पॅकमधील दोन-तीनच वाहिन्या हव्या असतील तर सुट्ट्या घेणे परवडते, पाच-सहा हव्या असतील तर बहुधा पॅकच स्वस्त पडतो. क्रीडा वाहिन्यांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 19 रुपयांहून अधिक किमतीची वाहिनी प्रसारकाला पॅकमध्ये घालता येत नाही, ती सुटीच घ्यावी लागते. क्रिकेटची मालिका संपल्यावर ती वाहिनी बंद करण्यास सांगायला विसरू नये, कारण पुष्कळ घरांत ती वर्षभर बिलात राहते.

आपली निवड वाहिन्यांच्या नावांसह कागदावर लिहून, सही करून केबलचालकाला द्यावी आणि तिचा फोटो जवळ ठेवावा. दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या, त्यात आपली सह्याद्रीही आली, प्रत्येक केबलचालकाला दाखवाव्याच लागतात, त्यासाठी पॅकची गरज नाही.

प्रश्न : वरच्या मजल्यावर आईंसाठी दुसरा टीव्ही आहे. त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात का?
— एक वाचक, कदमवाडी

उत्तर : होय. प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र बॉक्स आणि स्वतंत्र कार्ड क्रमांक असतो. दुसऱ्या टीव्हीचे शुल्कही आता कंपनीच ठरवते आणि ते दरपत्रकात दिलेले असते. आईंच्या बॉक्सवर खालच्या टीव्हीसारख्याच सगळ्या वाहिन्या असल्या पाहिजेत असे नाही. त्यांना हव्या तेवढ्याच ठेवाव्यात.

प्रश्न : केबल बदलून दुसऱ्या कंपनीची जोडणी घ्यायची आहे. जुना बॉक्स चालेल का? आणि बॉक्स घेताना दिलेले पैसे परत मिळतील का? आमच्याकडे त्याचा कागद नाही.
— व्यापारी, लक्ष्मीपुरी

उत्तर : जुना बॉक्स चालणार नाही. प्रत्येक कंपनीचे सिग्नल कुलूपबंद येतात आणि ते उघडण्याची व्यवस्था त्या कंपनीच्या बॉक्समध्येच असते. कोणताही बॉक्स कोणत्याही कंपनीसाठी चालावा अशी शिफारस ट्रायने 2020 च्या एप्रिलमध्ये सरकारकडे केली आहे, पण घरातील जुना बॉक्स नव्या कंपनीला जोडता येण्याची सोय अद्याप आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. ती झाली असती तर ग्राहकाच्या हाती खरी निवड आली असती, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशांचे उत्तर बॉक्स कसा घेतला होता यावर अवलंबून आहे. तो विकत घेतला असेल तर तो आपल्या मालकीचा आहे आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. तो भाड्याने, अनामत ठेवून घेतला असेल, तर बॉक्स परत केल्यावर अटींप्रमाणे अनामत परत मिळाली पाहिजे. यांतले काय होते ते जोडणी घेताना भरायच्या ग्राहक अर्जात लिहिलेले असते, आणि त्या अर्जाची प्रत ग्राहकाला देणे बंधनकारक आहे. कोल्हापूर शहर डिजिटल केबल सक्तीची करण्याच्या तिसऱ्या टप्प्यात आले, आणि त्या टप्प्याची मुदत 31 डिसेंबर 2015 होती. त्या घाईत अनेक घरांत अर्ज न भरताच बॉक्स लागले, असे वाचकांच्या पत्रांवरून दिसते. आपण कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात कार्ड क्रमांक सांगून आपली नोंद कोणत्या योजनेत आहे ते लेखी मागवावे. नोंद आपल्या नावावर नसून दुसऱ्याच कोणाच्या नावावर असल्याचे आढळले, तर आधी ती दुरुस्त करून घ्यावी. जुन्या कंपनीला जोडणी बंद करण्याचे पत्र दिल्याशिवाय आणि बॉक्स परत केल्याची पोच घेतल्याशिवाय नवी जोडणी घेऊ नये.

प्रश्न : पाऊस सुरू झाला की चित्राचे चौकोन-चौकोन होतात आणि आवाज तुटतो. केबलवाला म्हणतो, पावसात असेच होणार.
— एक वाचक, रंकाळा परिसर

उत्तर : छतावर छत्री असणाऱ्या डीटीएचच्या बाबतीत हे म्हणणे काही अंशी खरे आहे, कारण उपग्रहाकडून येणाऱ्या त्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. केबलचा सिग्नल मात्र तारेतून येतो. पावसात तो बिघडत असेल, तर कोठेतरी पाणी शिरते आहे असेच समजावे.

खांबावरून आपल्या घराकडे वळणारी तार पाहावी. तिचा जोड बहुतेक ठिकाणी काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेला असतो. उन्हाने ती पट्टी सुटते, जोडाचे पितळी टोक हिरवट पडते आणि पहिल्याच वळवात पाणी तारेच्या आतल्या जाळीत उतरते. दुसरी जागा म्हणजे घरातील स्प्लिटर. एका तारेच्या दोन तारा करणारा हा छोटा डबा प्रत्येक तारेला निम्म्याहून कमी सिग्नल देतो, आणि त्याच्यापुढे आणखी एक स्प्लिटर लावला की शेवटच्या टीव्हीला पावभरही उरत नाही. कोरड्या दिवसांत तेवढ्यावर निभावते, ओल आली की चित्र फुटते. डिजिटल सिग्नलचे वैशिष्ट्य असे की तो जुन्या टीव्हीप्रमाणे हळूहळू मुंग्या आणत नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ असते आणि त्या मर्यादेखाली गेले की एकदम चौकोन दिसू लागतात. केबलवाल्यांना जोड कापून नवे टोक बसवायला आणि स्प्लिटर कमी करायला सांगावे. विजेच्या खांबाजवळची तार स्वतः हाताळू नये.

प्रश्न : महापुरात आमच्या भागात बरेच दिवस केबल बंद होती, तरी पूर्ण महिन्याचे पैसे मागितले गेले. ते देणे योग्य होते का?
— शाहूपुरी, कुंभार गल्लीतील रहिवासी

उत्तर : सेवा सलग 72 तासांहून अधिक काळ खंडित राहिली, तर तेवढ्या दिवसांचे पैसे प्रमाणात कमी होणे, हा आपला हक्क आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी घरांत शिरले, वीजपुरवठा बंद झाला, तेव्हा चोवीस तासांत दुरुस्तीची अपेक्षा कोणी करणार नाही. त्या दिवसांत केबलची माणसेही पाण्यातून वाट काढत होती. दुरुस्तीला उशीर होणे आपण समजून घ्यावे. न मिळालेल्या सेवेचे पैसे देणे मात्र वेगळे, आणि त्याची सवलत मागण्यात काहीही गैर नाही. त्यासाठी सेवा बंद पडल्याची तक्रार ग्राहक सेवा क्रमांकावर नोंदवून तक्रार क्रमांक घेतलेला असावा, कारण सेवा कोणत्या दिवशी बंद पडली याचा तोच पुरावा असतो. पूरपट्ट्यातील वाचकांनी पावसाळ्याआधी बॉक्स वरच्या फळीवर हलवून ठेवावा.

प्रश्न : केबल सोडून दूरदर्शनची फ्री डिश घ्यावी असा मुलांचा आग्रह आहे. पण आमच्या आईंना नवरात्रात अंबाबाईची पालखी टीव्हीवर पाहायची असते. ती दिसेल का?
— एक वाचिका, मंगळवार पेठ

उत्तर : फ्री डिशला छत्री आणि बॉक्स यांचा एकदाचा खर्च येतो, त्यानंतर मासिक शुल्क नाही. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी ती चांगली सोय आहे. परंतु आपल्या शहरातील पालखी, दसरा चौकातील सीमोल्लंघन, गणेश विसर्जनाची मिरवणूक आणि खासबागेतील कुस्त्या ज्या स्थानिक वाहिन्यांवर दिसतात, त्या केबलच्या जाळ्यातच चालतात. उपग्रहावर त्या नसतात, म्हणून फ्री डिशवर किंवा डीटीएचवर त्या येत नाहीत. वयोमानामुळे ज्यांना देवळापर्यंत जाणे होत नाही, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. खर्चाचीच अडचण असेल, तर केबल तोडण्याऐवजी सशुल्क पॅक काढून केवळ मोफत वाहिन्यांची जोडणी ठेवता येते, आणि स्थानिक वाहिनी त्यात मिळते का एवढे आधी विचारून घ्यावे.

प्रश्न : केबलवाला ऐकत नाही. तक्रार ट्रायकडे करायची का?
— अनेक वाचक

उत्तर : ट्राय व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करत नाही. पहिली तक्रार कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर करावी, केबलवाल्यांना तोंडी सांगितलेले तक्रार म्हणून धरले जात नाही. तेथे निवारण झाले नाही, तर कंपनीच्या राज्यासाठीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी जावे. त्याने 10 दिवसांत निर्णय देणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते, आणि अनेक तक्रारी तेथेच मिटतात.

एवढे करूनही न्याय मिळाला नाही, तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा दिल्लीत असले तरी, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे.

प्रश्न : जाहिराती फार वेळ चालतात आणि त्यांचा आवाजही मोठा असतो. याबद्दल केबलवाल्याकडे तक्रार करावी का?
— ज्येष्ठ नागरिक, ताराबाई पार्क

उत्तर : हा विषय केबलचालकाच्या हातातला नाही, तो प्रसारकाचा आहे. नियमानुसार तासाला 12 मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत, त्यांत 10 मिनिटे व्यावसायिक आणि 2 मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या. जाहिरातीचा आवाज कर्कश असू नये असेही नियमांत आहे. जून 2021 पासून अशा तक्रारींसाठी तीन पायऱ्या ठरल्या आहेत : आधी स्वतः प्रसारक, ज्याने 15 दिवसांत उत्तर द्यायचे असते, मग प्रसारकांची स्वनियमन संस्था, आणि शेवटी केंद्र सरकारची समिती. तक्रारीत वाहिनीचे नाव, दिनांक आणि वेळ अचूक लिहावी. "रोज संध्याकाळी" असे मोघम लिहिलेली तक्रार पहिल्याच पायरीवर परत येते.