रिलीजमध्येच लायब्ररी ‘हरवते’!

प्रश्न : आलेखाची लायब्ररी वेगळ्या स्क्रिप्ट टॅगने घेतली आहे. डेव्हलपमेंटमध्ये सगळं सुरळीत. पण क्लोजर कंपायलरच्या (जावास्क्रिप्ट कोड आटोपशीर करून देणाऱ्या साधनाच्या) अ‍ॅडव्हान्स्ड मोडमधून रिलीज बिल्ड काढला, की ‘सी डॉट केबी इज नॉट अ फंक्शन’. लायब्ररी गेली कुठे?

उत्तर : कुठेही गेलेली नाही. गेली असती तर ‘इज नॉट डिफाइन्ड’ असं ऐकलं असतंत. या दोन संदेशांतला फरक लक्षात न घेतल्यामुळे मी स्वतः दोन रात्री पॅकेजेस पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करण्यात घालवल्या आहेत.

अ‍ॅडव्हान्स्ड मोड तुमच्या कोडमधली गुणधर्मांची नावं कापून छोटी करतो. बाहेरून आलेली लायब्ररी त्याला दिसतच नाही. मग तुमचं ‘चार्ट.सेटडेटा’ होतं ‘सी.केबी’, आणि लायब्ररीत मात्र ‘सेटडेटा’च राहतं. हाक मारायची एका नावाने, माणूस ओ देणार दुसऱ्या!

आधी तोच कोड सिंपल मोडमध्ये बांधा; तो गुणधर्मांची नावं बदलत नाही. चालला, तर घोडं नामांतरापाशीच अडलंय असं समजा. मग अ‍ॅडव्हान्स्डला डीबग फ्लॅग जोडा : ‘केबी’च्या जागी डॉलर चिन्हांमध्ये मूळ नाव दिसेल आणि दोषी ओळ लगेच सापडेल. ते नाव एक्स्टर्न्स फाइलमध्ये, म्हणजे ‘ही बाहेरची नावं बदलू नकोस’ असं कंपायलरला सांगणाऱ्या फाइलमध्ये, नोंदवा. चौकटी कंसात अवतरणात नाव लिहिलं तरी कंपायलर त्याला हात लावत नाही, पण पन्नास ठिकाणी तसं करत बसू नका. आणि हो, एक्स्टर्न्स फाइल बिल्डच्या आदेशात द्यायला विसरू नका. मी विसरलो होतो.