कंपनी मोठी झाली की ग्राहकांकडे दुर्लक्ष का करते?
कारण वर बसलेल्यांना ग्राहक दिसतच नाही, दिसतो फक्त आकडा. अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक बघा, एकेका खातेदाराच्या गळ्यात आठ-आठ प्रॉडक्ट मारायचे असं टार्गेट होतं, मग शाखेतल्या लोकांनी नोकरी टिकवायला ग्राहकांना न विचारताच त्यांच्या नावावर लाखो खाती नि क्रेडिट कार्डं उघडली, काहींना तर त्याची फीसुद्धा भरावी लागली. २०१६ ला १८.५ कोटी डॉलर दंड झाला, साधारण ५,३०० कर्मचारी काढले, त्यात बहुतेक खालचेच, हे मला फार खटकतं. आणि पगार, हप्ते सगळं एकाच बँकेत अडकलेलं असलं की ग्राहक चिडला तरी पटकन सोडून जात नाही, त्यामुळे कंपनीला लगेच चटका बसत नाही. वेल्स फार्गोला याच प्रकरणात २०२० मध्ये अजून ३०० कोटी डॉलर मोजावे लागले.