बावन्न की चोपन्न?

प्रश्न: मी मूळचा सांगलीचा, तीन वर्षांपासून बेल्जियममध्ये लुव्हेनला नोकरी करतो. गेल्या 1 नोव्हेंबरला कोपेनबर्गची सायक्लोक्रॉस शर्यत (चिखल-वाळूतली, मध्येच सायकल खांद्यावर घेऊन पळायची) पाहिली आणि यंदा हौशी गटात उतरायचं ठरवलं. उंची 169 सेंमी, टाचेपासून जांघेपर्यंत 78. माझी रोड सायकल 54 ची आहे. तिचा रीच 38.4, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) 10 सेंमीचा, आणि ती मला बरी बसते. एका दुकानात एकाच मॉडेलच्या दोन वापरलेल्या क्रॉस सायकली आहेत. 52 चा रीच 37.5 आणि स्टॅक 54.5, 54 चा रीच 38.2 आणि स्टॅक 56.3. 54 वाली 200 युरोंनी स्वस्त आहे, दुकानदारही तीच घ्या म्हणतो. क्लबातली मंडळी म्हणतात, ‘रोडपेक्षा एक साइज लहान, डोळे मिटून.’ कुणाचं ऐकू?
– एक वाचक, लुव्हेन

उत्तर: 52 घ्या. मात्र डोळे मिटून नको. का घ्यायची ते कळलं तर पुढची सायकल घेताना कुणाला विचारावं लागणार नाही.

क्लबातल्यांचा नियम खोटा नाही, जुना आहे. पूर्वीच्या क्रॉस सायकलींचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा आस जिथे फिरतो तो भाग, रोड सायकलीपेक्षा बराच उंच असे. तेव्हा पायडलला टो-क्लिप, म्हणजे बुटाचं टोक अडकवायची पट्टी, असायची. पाय अडकवण्याआधी ती खाली लोंबायची आणि जमिनीला घासायची, म्हणून ब्रॅकेट वर. ब्रॅकेट वर गेला की सीट वर आणि मधली नळीही (सीटपासून हँडलकडे जाणारी दांडी) वर. मग पाय टेकायला जागा उरावी म्हणून फ्रेम लहान घ्यायची. आता बूट थेट अडकणारे क्लिपलेस पायडल आले, ब्रॅकेट पुष्कळ खाली आला, तरी नियम तोंडी राहिला आहे.

दुकानदार ‘54 ला 54’ म्हणत असेल, तर तेही पटण्यासारखं नाही. आपल्याकडे बावीस इंची, चोवीस इंची सायकल म्हणायचो. माझ्या वडिलांची चोवीस इंची होती आणि मी मधल्या दांडीखालून पाय घालून ती शिकले. तो आकडा सीटच्या नळीच्या लांबीचा, आणि मधली दांडी सरळ आडवी होती तोवर त्याला अर्थ होता. आता दांडी मागे उतरती असते. कुणी नळी ब्रॅकेटच्या मध्यापासून दांडीच्या मध्यापर्यंत मोजतं, कुणी नळीच्या वरच्या टोकापर्यंत, आणि कुणी काहीच न मोजता 54 छापतं. तुम्ही रीच आणि स्टॅक लिहून पाठवलेत ते फार चांगलं केलंत. ब्रॅकेटपासून हेडट्यूबचं, म्हणजे हँडल ज्यात फिरतं त्या पुढच्या नळीचं, वरचं तोंड किती पुढे, तो रीच; किती वर, तो स्टॅक. बोलायचं ते याच दोन आकड्यांवर.

तुमच्या दोन सायकलींचे रीच पाहिले तर फरक फक्त 7 मिमी दिसतो. इथेच बहुतेकांची गफलत होते. हेडट्यूब मागे कललेली असते, त्यामुळे स्टेमखाली स्पेसर (चकत्या) घालून हँडल 1 सेंमी वर नेलंत की ते साधारण 3 मिमी तुमच्याकडे सरकतं. 52 चं हँडल 54 च्या उंचीला आणायचं तर 1.8 सेंमी स्पेसर लागतील, म्हणजे तिचा रीच 36.9 च्या आसपास येईल. सारख्या उंचीला मोजलं तर 54 ही जवळजवळ 1.3 सेंमी लांब आहे. पंजे हँडलवर ठेवून चिखलात पुढचं चाक सांभाळताना एवढा फरक खांद्यांना कळतो.

क्रॉसला हँडल रोडपेक्षा 1–2 सेंमी वर आणि साधारण 1 सेंमी जवळ असावं असं माझं मत आहे. शर्यतभर तुम्ही वळता, ब्रेक दाबता, चढता, उतरता. वाऱ्यापासून लपायला सरळ रस्ता असतोच कुठे? 52 वर तुमचाच 10 चा स्टेम ठेवला तर हँडल आपोआप 9 मिमी जवळ येतं. 54 वर तेच साधायला 9 चा स्टेम लागेल. जमेल तेही. म्हणजे केवळ बसण्याचा प्रश्न असता तर मी 200 युरो वाचवा म्हटलं असतं.

पण क्रॉसमध्ये सायकल उचलावी लागते. मी 9 वर्षं गेंटला होते. 164 सेंमी उंचीच्या मला एका दुकानाने 54 दिली, ‘ट्यूब उतरती आहे, चालेल’ म्हणून. अंगणात फिरवून पाहिली, चाललीही. नोव्हेंबरच्या पहिल्या शर्यतीत एका निसरड्या बांधावर ती खांद्यावर घेतली तेव्हा खरं कळलं. उजव्या हाताने खालची नळी धरून सायकल उचलायची, मधली नळी खांद्यावर ठेवायची, मग तोच हात खालच्या नळीखालून पुढे नेऊन हँडलचं डावं टोक पकडायचं, अशी रीत आहे. माझा हात तिथे पोचेना. हँडल मोकळं राहिलं, पुढचं चाक डोलायला लागलं आणि दर पावलाला गुडघ्यावर आपटू लागलं. उतरतानाही तेच. घाईत थांबून सायकलीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवले की बुटाचे खिळे चिखलात रुततात, आपण 2–3 सेंमी खाली जातो, आणि मधली नळी तिथेच असते. त्या दुखण्याचं वर्णन करत नाही. ती सायकल मी दोन महिन्यांत तोट्यात विकली आणि 50 ची घेतली.

म्हणून दुकानात जाताना टेप नेऊ नका, शर्यतीचे बूट न्या. दोन्ही सायकली बाटलीचा स्टँड काढून दहा-दहा वेळा खांद्यावर घ्या, जिना असेल तर चढा. 40 सेंमी उंचीचं खोकं आडवं ठेवून त्यावरून सायकल हाताने उचलून न्या. अडथळ्याच्या फळ्यांची नियमाप्रमाणे कमाल उंची तेवढीच असते. डावं टोक सहज हाती येतं का ते पाहा. झोनहोव्हनच्या शर्यतीत वाळूच्या खड्ड्यातून वर पळणाऱ्यांना कधी बघायला गेलात, तर त्यांच्या पायांबरोबर त्यांचा उजवा हात कुठे आहे तेही बघा.

उलट टोकही सांगते, कारण लहान तितकी चांगली असंही नाही. फ्रेमचा त्रिकोण फार आखूड झाला तर खांदा आत शिरत नाही आणि मानेला नळी टोचते. पुढचं चाकही बुटाच्या टोकाजवळ येतं. 33 मिमीच्या टायरला चिखल चिकटला की वळताना बूट घासतो. 52 वर हे तपासाच: क्रँक (पायडलचा दांडा) आडवा ठेवा, हँडल वळवा. क्रँक 172.5 मिमीचा निघाला तर 170 चा बसवून घ्या. किमतीच्या मोहाने उद्या कुणी 50 दाखवली तर घेऊ नका, तुमच्या हातांना ती गुदमरवेल.

सीटची उंची ब्रॅकेटच्या मध्यापासून 78 गुणिले 0.883, म्हणजे 68.9 सेंमीवर धरून सुरुवात करा. मी क्रॉसला 5 मिमी खाली ठेवते, उडी मारून परत बसताना ती बरी पडते. ऑक्टोबरपर्यंत रोज संध्याकाळी वीस वेळा उतरणं, चढणं करा. हेवरलीचं जंगल जवळच आहे तुमच्या.

प्रश्न: पुण्यात ऑफिसला जाण्यासाठी आणि शनिवार-रविवारी मुळशीच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांसाठी सायक्लोक्रॉस घ्यावी का? उंची 175. 56 चालेल?
– एक वाचक, बावधन

उत्तर: शर्यतीसाठी बनवलेल्या क्रॉस सायकलीला बहुधा मडगार्ड आणि कॅरियरची भोकं नसतात, आणि पुण्याच्या जुलैत दोन्ही लागतात. ती सायकल तासाभराच्या शर्यतीसाठी आहे. तुम्हाला ती खांद्यावर घ्यायची नाही, लॅपटॉप वाहायचा आहे. तेव्हा ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची, सायकल पाहा, 40 मिमीचे टायर बसणारी. मात्र ग्रॅव्हलच्या नव्या फ्रेमचा रीच मुद्दाम लांब आणि स्टेम आखूड ठेवतात, त्यामुळे वरच्या उत्तरातला स्टेमचा हिशेब इथे जसाच्या तसा लावू नका. नुसत्या उंचीवरून 56 ला मी हो म्हणणार नाही. भिंतीला पाठ लावून, अनवाणी, दोन पायांत जाड पुस्तक सीटसारखं घट्ट वर ओढून धरा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा, आणि तो आकडा व सध्याच्या सायकलीचा रीच कळवा.