ब्रेन डेड माणसाचं हृदय चालू असताना अवयव देणं पाप आहे का?

नाही, माझ्या मते अजिबात नाही. पण तुमची शंका खरी आहे: तुमच्या काकांची छाती वरखाली होतेय, हात गरम आहे, मग गेले कसं म्हणायचं? ब्रेन डेड म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेला; तो श्वास व्हेंटिलेटरचा असतो. 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतं. बुबुळांवर टॉर्च मारतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात. शेवटी ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात आणि उघड्या छातीकडे बघत थांबतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढूनही एकसुद्धा श्वास आला नाही, तरच मृत्यू मानतात. कोमा वेगळा, त्यातून माणूस परत येऊ शकतो.

'अवयव काढले तर पुढच्या जन्मी अपंग' हे इथे इंदूरला, रामबागेतल्या जुन्या मराठी घरांतही ऐकू येतं. मला ते पटत नाही. गीता देहाला जुनं वस्त्र म्हणते, दधीचींनी तर अस्थी देवांनाच दिल्या.

काकूंचं मन नसेल तर मात्र सहीसाठी त्यांच्या मागे लागू नका. शरीर टाके घालून परत मिळतं, अंत्यविधी नेहमीसारखेच होतात, हे त्यांना आधी सांगा.