एमटीबी डांबरावर चालवायची तर टायर कोणते?

प्रश्न : माझ्या 26 इंची एमटीबीला (माउंटन बाइक, म्हणजे कच्च्या वाटांची सायकल) 26×2.10 चे बटनांचे, म्हणजे रबरी उंचवट्यांचे टायर आहेत. रोजचे 16 किलोमीटर सगळे डांबरी रस्त्याचे. टायर घूं घूं वाजतात आणि दम लागतो. गुळगुळीत टायर बसतील का? पावसात घसरतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बसतील, आणि फरक पहिल्याच दिवशी पायांना कळेल. डांबरावर ती बटनं सारखी दबतात, वाकतात, पुन्हा उभी राहतात. तुमची ताकद त्यातच जिरते. आवाजही तोच.

दुकानात जाण्याआधी टायरच्या बाजूवरचे बारीक आकडे वाचा. 54-559 असं काहीसं असेल. 54 ही मिलिमीटरमधली रुंदी. 559 म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास. नव्या टायरवरही 559च हवं. 26×1.50 आणि 26×1½ गणितात सारखे असले तरी सायकलीत नाहीत! अपूर्णांकातला 1½ हा 584चा, तर साध्या सायकलीचा 26×1⅜ हा 590चा. दोन्ही तुमच्या रिमवर ढिले पडतील आणि हवा भरताना निसटतील. दुकानदाराला नुसतं ‘सव्वीसचा द्या’ म्हणू नका.

रस्ता चांगला असेल तर 1.50 (40-559), खड्डे असतील तर 1.75 (47-559). आम्ही 1.75च सुचवू. ट्यूबही त्याच मापाची घ्या. जुनी मोठी ट्यूब आत घडी पडून तिथेच फाटते. मध्ये गुळगुळीत आणि कडेला बटनं असलेला टायर मात्र टाळा. वळणावर सायकल झुकली की तो एकदम बटनांवर येतो आणि पकड अचानक बदलते.

पावसाची भीती गाडीच्या टायरवरून आलेली. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असतो, पाणी आपोआप बाजूला सारतो. त्यासाठी खाचा लागत नाहीत. ओले पांढरे पट्टे, ड्रेनेजची झाकणं आणि शेवाळ यांवर कुठलाही टायर घसरतो. चिखलात मात्र बटनंच हवीत, म्हणून जुने टायर टाकू नका.

हवा : 70 किलो वजनाला 1.50 मध्ये मागे 50 ते 55 पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप), पुढे पाचेक कमी, 1.75 मध्ये दोन्हीकडे आणखी पाच-सात कमी. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. आधी थोडीच हवा भरून चाक फिरवा. कडेलगतची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे बुडालेली दिसली तर हवा सोडून तिथे टायर हाताने ओढून बसवा. सायकलला अंतर मोजणारा मीटर असेल तर चाकाचा घेर घटल्याने तो किंचित जास्त अंतर दाखवेल. नवा घेर मोजून त्यात भरा.

प्रश्न : खर्च वाचवायला एकच टायर बदलला तर?

उत्तर : मागचा बदला. वजन तिथे जास्त, म्हणून फायदाही तिथेच. पुढे बटनं राहिली तर खडीवर हँडल ताब्यात राहतं, फक्त थोडी घरघर सोसावी लागेल.